ओल्या सेलचा शांत आकडा

संयुक्त अरब अमिरातींतल्या फुजैराच्या किनाऱ्यावर जुलै-ऑगस्टमध्ये आमच्या वर्कशॉपचं दार उघडून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्याच्या काचा पांढऱ्या होतात. आत एसीचे २२ अंश, बाहेर ३६-३७, आणि समुद्रावरून येणारी हवा इतकी दमट की तिचा दवबिंदू ३० अंशांच्या आसपास असतो. त्याहून थंड असलेली कोणतीही वस्तू त्या हवेत गेली की तिच्यावर पाणी धरणारच. फ्रिजमधून काढलेल्या तांब्याला घाम फुटतो, तसं. मी कोकणातली आहे, ओल मला नवी नाही. पण आमच्याकडची ओल पावसाबरोबर येते आणि पावसाबरोबर ओसरते. इथे महिनोन्महिने पाऊस नसताना हवा पाण्याने भरलेली असते. सौदी अरेबियातल्या धहरानला २००३च्या जुलैत दवबिंदू ३५ अंशांवर गेल्याची नोंद आहे. फुजैराला एवढं होत नाही, पण अंदाज यावा म्हणून सांगितलं.

चष्मा पुसता येतो. माझ्या हातात मात्र बहुतेक वेळा रिब्रीदरचे ऑक्सिजन सेल असतात, आणि त्यांचा पडदा पुसायचा नसतो.

रिब्रीदर हे श्वास वाया न घालवणारं यंत्र आहे. साध्या स्कुबात डायव्हर सिलिंडरमधून हवा घेतो आणि उच्छ्वास बुडबुड्यांत सोडून देतो. त्या उच्छ्वासात बराच ऑक्सिजन तसाच उरलेला असतो. रिब्रीदर तो उच्छ्वास पकडतो, चुन्याच्या डब्यातून फिरवून त्यातला कार्बन डायऑक्साइड काढतो, शरीराने खर्च केला तेवढाच ऑक्सिजन भरतो आणि तोच वायू पुन्हा तोंडाशी आणून देतो. बुडबुडे जवळजवळ नाहीत, मासे बिचकत नाहीत, आणि दोन-तीन लिटरच्या ऑक्सिजन सिलिंडरवर काही तास पाण्याखाली राहता येतं. या सगळ्याचा आधार एकच: या क्षणी लूपमध्ये, म्हणजे श्वास फिरतो त्या बंद वाटेत, ऑक्सिजनचा दाब किती आहे, हे अचूक कळणं. तो साधारण ०.१६ बारच्या खाली गेला तर माणूस शुद्ध हरपण्याच्या वाटेवर असतो. १.६च्या वर गेला तर आकडी येऊ शकते, आणि पाण्याखाली आकडी म्हणजे तोंडातून माउथपीस सुटणं. दोन्हीकडे शरीर आधी इशारा देईलच असं नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलासाठी केनेथ डोनाल्ड यांनी डायव्हरांवर ऑक्सिजनच्या विषारीपणाचे प्रयोग केले. त्यांत दिसलं की सहनशक्ती माणसागणिक तर बदलतेच, त्याच माणसाची एका दिवसाहून दुसऱ्या दिवशीही बदलते. म्हणून ‘मला आजवर काही झालं नाही’ हे वाक्य कोणी माझ्या टेबलाशी उभं राहून बोललं की मी हातातलं काम थांबवून त्याच्याशी बोलते.

शरीर सांगत नाही, म्हणून सेल सांगतो. हा सेल मुठीत सहज मावतो. आत शिशाचा अॅनोड, सोन्याचा मुलामा दिलेला कॅथोड, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा द्राव, आणि तोंडाशी टेफ्लॉनचा अतिशय पातळ पडदा. ऑक्सिजन पडद्यातून झिरपतो, आत शिशाशी त्याची रासायनिक क्रिया होते आणि वीज निर्माण होते. जितका ऑक्सिजनचा दाब, तितके मिलिव्होल्ट. चांगला सेल साध्या हवेत दहाच्या आसपास दाखवतो, शुद्ध ऑक्सिजनमध्ये त्याच्या पावणेपाच पट. बाहेरची वीज लागत नाही. सेल स्वतःच एक छोटी बॅटरी आहे, आणि बॅटरीसारखाच तो वापरला तरी आणि कपाटात ठेवला तरी झिजतो.

सेल म्हातारा झाला की काय होतं ते सगळ्यांना शिकवलेलं असतं. शिसं संपत येतं, आणि वरच्या दाबाला आकडा पुरेसा चढत नाही. लूपमध्ये १.६ असताना तो १.३ला अडकतो. हे पकडायला सोपं आहे: डायव्हरने ६ मीटरवर शुद्ध ऑक्सिजनने लूप भरून पाहायचा, सेल १.६ दाखवतो की नाही ते तपासायचं. पण ओला सेल, म्हणजे ज्याच्या पडद्यावर पाणी बसलं आहे तो, तरुण असतो, धडधाकट असतो, वर्कशॉपमध्ये सगळ्या परीक्षा पास होतो. त्याच्याबद्दल पुरेसं बोललं जात नाही असं मला वाटतं.

पाणी येतं कुठून, याचा विचार करताना लोक गळतीकडे बघतात. ओ-रिंग तपासा, होज तपासा, तोंडाच्या कडेने समुद्र आत येतोय का बघा. ते करायलाच हवं. पण एक थेंबही गळला नाही तरी लूप ओलाच असतो, कारण पाणी डायव्हर स्वतः आत सोडत असतो. फुप्फुसांतून येणारी हवा बाष्पाने तुडुंब असते. त्यात भर चुन्याची. चुना कार्बन डायऑक्साइड धरतो तेव्हा खडू तयार होतो, उष्णता तयार होते आणि पाणी तयार होतं. शांतपणे पोहणारा माणूस मिनिटाला सुमारे एक लिटर ऑक्सिजन वापरतो असं धरलं, तर त्या हिशेबाने एकट्या चुन्यातून तासाला तीस-चाळीस ग्रॅम पाणी बाहेर पडतं.

आणि हे पाणी नको म्हणून भागत नाही. चुन्याच्या दाण्यांत मुळातच ओल ठेवलेली असते. अगदी सुक्या चुन्यावरून कार्बन डायऑक्साइड नुसता सरकून जातो. ही क्रिया पाण्यातच घडते. म्हणजे जो ओलावा श्वास शुद्ध ठेवतो तोच पुढे चार बोटांवर सेलच्या तोंडाशी जाऊन बसतो. मला या यंत्राबद्दल जो आदर वाटतो, तो बराचसा यामुळे. इथे ओलीला शत्रू ठरवून संपवता येत नाही. ती कुठे जाते, कुठे थंड होते, कुठे थेंब होऊन टपकते, एवढंच समजून घेता येतं.

आमच्याकडे एक नवीन मुलगा शिकायला आला होता. त्याने एका सकाळी एसीत सेल तपासून ९.९ मिलिव्होल्ट लिहिले, मग तोच सेल बाहेर बोटीच्या धक्क्यावर तपासला आणि ९.६ आले. त्याला वाटलं सेल खराब होतोय. मी त्याला म्हटलं, “सेलला विचारू नकोस, हवेला विचार.” सेल मोजतो तो ऑक्सिजनचा आंशिक दाब. हवेत बाष्प शिरलं की ते आपली जागा घेतं, आणि उरलेल्या वायूंना तेवढी कमी मिळते. दवबिंदू ३० अंश असेल तर बाष्पाचा दाब ४२ मिलिबार होतो. १०१३मधून ४२ गेले. उरलेल्यातले एकवीस टक्के ऑक्सिजन. कोरड्या हवेत २१२ मिलिबार ऑक्सिजन असतो, त्या धक्क्यावर साधारण २०३. चार टक्के कमी. सेलने दोन्हीकडे खरंच सांगितलं होतं. मुलाने वहीत गणित पुन्हा करून पाहिलं आणि दोन्ही जागांचं तापमान आणि आर्द्रता शेजारी लिहिली. तेव्हापासून आमच्या नोंदवहीत तसा रकाना आहे.

हे चार टक्के पुस्तकी वाटतात, पण त्यांची किंमत पुढे मोजावी लागते. समजा पहिला डाइव्ह झाला, यंत्राचं डोकं आतून ऊबदार आणि ओलं आहे, आणि दुसऱ्या डाइव्हआधी कोणी घाईत, आतला ओला वायू पुरेसा फ्लश करून बाहेर न काढता, ऑक्सिजनवर कॅलिब्रेशन केलं. ३५ अंशांच्या संपृक्त वायूत बाष्पाचा दाब ५६ मिलिबार असतो. सेलला मिळाला आहे ०.९५च्या आसपास दाब, आणि आपण त्याला सांगतो की हा एक आहे. आता पाण्याखाली यंत्र १.३ दाखवेल तेव्हा प्रत्यक्षात असेल सुमारे १.२३. बुडायला हे कारण पुरेसं नाही, पण वर येताना किती थांबायचं हा डीकॉम्प्रेशनचा हिशेब १.३ धरून चाललेला असतो, आणि शरीरात नायट्रोजन हिशेबापेक्षा जास्त मुरत असतो. गंमत अशी की खोलीवर बाष्पाचा स्वतःचा परिणाम उलट कमी होत जातो. बाष्पाचा दाब तापमानावर ठरतो, खोलीवर नाही. ३० मीटरवर, ४ बारमध्ये, ते ४२ मिलिबार एक टक्काच राहतात. चूक खाली होत नाही, ती वरून बरोबर नेली जाते. म्हणून आमच्याकडे नियम आहे की कॅलिब्रेशन दिवसाच्या सुरुवातीला, कोरड्या यंत्रावर, लूपमधून श्वास घेण्याच्या आधी. हा नियम मी घातलेला नाही, माझ्या आधीच्या वरिष्ठांनी घातला होता. मला तो नेहमीच शहाणपणाचा वाटत आला आहे.

आता पडद्यावरच्या थेंबाकडे येते. माझ्या मते खरा धोका तिथे आहे.

बाष्प वायूरूपात आहे तोवर सेल ते सहन करतो. त्याचं पाणी होऊन पडद्यावर पापुद्रा धरला की गोष्ट बदलते. पाण्यातून ऑक्सिजन झिरपतो, पण हवेतल्यापेक्षा हजारो पटींनी हळू. सेल आता लूपमधला वायू मोजत नाही, तो पापुद्र्याखाली उरलेलं जुनं काहीतरी मोजतो. लूपमध्ये ऑक्सिजन वाढला, सेलला कळत नाही. कमी झाला, कळत नाही. तुटलेली वायर असेल तर आकडा उड्या मारतो, शून्यावर जातो, डायव्हर सावध होतो. ओल्या सेलचा आकडा उडत नाही. तो स्थिर राहतो, आणि पाण्याखालच्या माणसाला स्थिर आकड्यासारखं धीर देणारं दुसरं काही नसतं.

एका उन्हाळ्यात असं एक यंत्र माझ्याकडे आलं. मालक अनुभवी होता, शांत होता, दिवसाचा दुसरा डाइव्ह होता. पहिल्या डाइव्हनंतर यंत्र बंदच बोटीच्या डेकवर उन्हात राहिलं होतं. आतली ओल तापून सगळीकडे पसरली असणार. मग तो खाली गेला आणि सुमारे २८ मीटरवर थंड पाण्याच्या थरात शिरला. आमच्या बाजूला उन्हाळ्यात असा थर येतो. वर कोमट पाणी आणि खाली एकदम गारवा, हातालासुद्धा रेघ जाणवते. यंत्राचं झाकण बाहेरून गार झालं, आणि सेल त्या झाकणालाच आतून लटकलेले असतात.

मी त्याची नोंद संगणकावर उघडली. तीन सेलच्या तीन रेषा. पहिली आणि दुसरी १.२५च्या आसपास, सपाट. यंत्राला १.३ राखायला सांगितलेलं होतं, म्हणून सोलेनॉइड, म्हणजे ऑक्सिजनची विजेवर चालणारी झडप, ऑक्सिजन सोडत राहिला. तिसरी रेषा चढत होती: १.३५, १.४, १.५. यंत्राचं तर्कशास्त्र असं की तीनपैकी दोन जुळले तर ते खरे, उरलेला खोटा. त्याप्रमाणे हँडसेटने तिसऱ्या सेलवर बिघाडाची खूण टाकली आणि त्याला हिशेबातून काढलं. सोलेनॉइड पुन्हा उघडला. तिसरी रेषा १.६वर पोचली. त्या क्षणी त्या संपूर्ण यंत्रात खरं बोलणारा एकच भाग होता, आणि यंत्राने त्यालाच गप्प केलं होतं.

डायव्हरने काय केलं ते मी त्या रेषांवरून वाचू शकत होते, नंतर त्यानेही सांगितलं. त्याने कोण बहुमतात आहे हे पाहिलं नाही. त्याने डायल्युएंट फ्लश केला, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमधली साधी हवा लूपमध्ये भरली. २८ मीटरवर दाब ३.८ बार, त्याचे एकवीस टक्के म्हणजे ०.८. हे उत्तर कुठल्याही सेलला न विचारता आधीच माहीत असतं. तिसरी रेषा काही सेकंदांत ०.८वर आली. पहिल्या दोन रेंगाळत उतरत राहिल्या, मिनिटभरानंतरही एकच्या वरच होत्या. त्याने लूप सोडला, बेलआउटच्या, म्हणजे आणीबाणीच्या, सिलिंडरवर गेला आणि वर आला.

मी झाकण उघडलं तेव्हा दोन सेलच्या तोंडावर पाण्याची चकाकी होती. तिसरा कोरडा, चुन्यातून येणारा ऊबदार वायू त्याच्यावरून आधी जात असावा. सेल काढून, तोंड खाली करून, हळूच झटकून, पंख्याखाली खोलीच्या तापमानाला वाळवले. गरम हवा लावायची नाही, पडद्याला आणि आतल्या द्रावाला ती सोसत नाही. दुसऱ्या दिवशी तिन्ही सेल हवेत, ऑक्सिजनमध्ये आणि दाबाच्या भांड्यात तपासले. तिन्ही उत्तम. आमच्या फॉर्मवर दोनच चौकोन होते, ‘ठीक’ आणि ‘बदला’. मला तिन्हींसमोर ‘ठीक’वर खूण करावी लागली, आणि त्या दिवशी तो कागद मला फार अपुरा वाटला. एक माणूस आकडीच्या उंबऱ्यावर जाऊन आला होता, आणि बिघाड म्हणून लिहायला काहीही नव्हतं.

तीन सेलची कल्पना वाईट नाही. १९६०च्या दशकाच्या अखेरीस वॉल्टर स्टार्क आणि जॉन कॅनविशर यांनी ‘इलेक्ट्रोलंग’ बनवला, त्यातही तीन सेन्सर होते. १९९७मध्ये ब्रिटनमधून ‘इन्स्पिरेशन’ बाजारात आला आणि हौशी डायव्हरांच्या हाती असं यंत्र पडू लागलं, तोवर तीन सेल ही जवळजवळ रूढी झाली होती. तिच्यामागचं गृहीतक असं की तीन सेल स्वतंत्रपणे बिघडतात. एक बिघडला तर दोन सांभाळतील. पण आपण तीन सेल एकाच खोक्यातून, एकाच महिन्यात बनलेले घेतो, एकाच दिवशी बसवतो, एकाच बोटभर रुंदीच्या जागेत शेजारी शेजारी ठेवतो आणि त्यांच्यावरून एकच ओला वायू फिरवतो. ते तीन साक्षीदार आहेत हे खरं, पण तिघांनी घटना एकाच धुकट खिडकीतून पाहिलेली असते.

इथेच भेटलेले मालवणचे एक दादा आहेत, ऑफशोअरवर डायव्हर. त्यांना श्वास वरून नळीतून मिळतो आणि त्यांच्या वायूवर बोटीवरचा माणूस लक्ष ठेवतो. रिब्रीदरबद्दल त्यांना कुतूहल आणि थोडी शंका, दोन्ही. माझ्या टेबलाशी बसून एकदा म्हणाले, “गो, तीन आकडे एकच सांगतत, मगे विश्वास ठेवूक काय हरकत आसा?” मी म्हटलं, “दादा, तीनय एकाच पाण्यान भिजले असले तर?” ते बराच वेळ उघड्या झाकणाकडे बघत राहिले. मग विचारलं, की यांना खोटं पाडणारा वर कोण बसलेला असतो? कोणी नाही, मी म्हटलं. तो डायव्हरच. त्याच्या हातातलं डायल्युएंटचं बटणच.

तेव्हापासून मी यंत्र परत देताना फ्लशबद्दल बोलल्याशिवाय देत नाही. तळाशी पोचल्यावर एकदा, थंड थरात शिरल्यावर एकदा, आणि आकडे संशय यावा इतके शांत वाटले तर पुन्हा. आकडा बरोबर येतो का एवढंच बघू नका, किती वेळात येतो ते बघा. कोरडा सेल सेकंदांत उत्तर देतो. ओला सेल शेवटी बरोबर उत्तरापर्यंत पोचेलही, पण उशिरा, आणि तो उशीर हीच त्याची ओळख. वर्कशॉपमध्ये स्थिर वायूत तपासलेले मिलिव्होल्ट हा उशीर दाखवत नाहीत. काही डायव्हरांना हे फार वाटतं. वायू वाया जातो म्हणतात, फोटो काढताना लय मोडते म्हणतात. मी वाद घालते. मला घालावाच लागतो.

बनवणारेही या प्रश्नाशी झुंजत आहेत. कुठे सेलची तोंडं आडवी ठेवली आहेत, म्हणजे थेंब टिकू नये. कुठे झाकणात पाणी शोषणारा स्पंज आहे. पोसायडन कंपनीच्या यंत्राने तर सेलवर थेट माहीत असलेला वायू सोडून डाइव्ह चालू असतानाच त्याची परीक्षा घ्यायची पद्धत आणली, आणि ती मला या सगळ्यांत सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण तिथे यंत्र एका सेलचं मत दुसऱ्या सेलला विचारत नाही. आता प्रकाशावर चालणारे सेन्सरही आले आहेत. त्यांत शिसं नाही, द्राव नाही, झीज कमी. पण त्यांच्या पृष्ठभागावर पाणी बसलं तर ऑक्सिजनला त्या पाण्यातूनच वाट काढावी लागणार, हे भौतिकशास्त्र बदललेलं नाही. म्हणून ‘आता ओलीची चिंता नको’ असं कोणी म्हटलं की मी झाकण उघडून थेंब कुठे जमतात ते दाखवायला सांगते.

आमच्या वर्कशॉपमध्ये काही गोष्टी बदलल्या. यंत्र एसीतून धक्क्यावर नेलं की झाकण लगेच उघडायचं नाही. बंद ठेवून बाहेरच्या तापमानाला येऊ द्यायचं. दोन डाइव्हच्या मध्ये यंत्र सावलीत, आणि शक्य असेल तर झाकण काढून स्पंज बदलून. रात्री सेल यंत्रात ठेवायचे नाहीत. मागची जोडणीही तपासायची, कारण ओल पडद्यावरच थांबत नाही, ती सेलच्या पाठीमागच्या पिनांवर हिरवट गंज चढवते आणि मग मिलिव्होल्ट आपोआप घसरतात. तिन्ही सेल एकाच दिवशी बदलायचे नाहीत. काही महिन्यांच्या अंतराने एकेक, वेगवेगळ्या खेपेतले, आणि प्रत्येकावर बसवल्याची तारीख. आणि फॉर्मवर ‘ठीक’ आणि ‘बदला’ यांच्या शेजारी मी तिसरा चौकोन काढून घेतला आहे: फ्लशनंतर आकडा बसायला लागलेले सेकंद. तो डायव्हरने स्वतः भरायचा असतो. सुरुवातीला बहुतेक फॉर्म तो चौकोन रिकामा घेऊन परत यायचे. आता ऑगस्टमध्ये तरी बहुतेक जण भरतात, आणि कोणाचा आकडा वाढलेला दिसला की मी त्याचं यंत्र दुसऱ्या डाइव्हला जाऊ देत नाही.